सर्पासाठी सुयोग्य निवासकक्ष : शास्त्रीय निकष, कायदेशीर मर्यादा आणि नागपूरचा संदर्भ

सारांश

साप पाळण्याविषयीचे कुतूहल शहरी तरुणवर्गात वाढत आहे. दुसरीकडे, मानवी वस्तीतून पकडलेले साप काही काळ तरी बंदिस्त ठेवण्याची वेळ सर्पमित्र, वनविभागाची उपचार केंद्रे आणि प्राणिसंग्रहालये यांच्यावर वारंवार येते. या दोन्ही प्रसंगी सापाला कोठे व कसे ठेवावे हा प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात सापाच्या शरीरक्रियेच्या आधारे निवासकक्षाचे निकष स्पष्ट केले आहेत, ते नागपूरच्या हवामानाशी ताडून पाहिले आहेत आणि भारतीय कायद्यानुसार साप बंदिस्त ठेवण्याचा अधिकार कोणास आहे याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सर्प, निवासकक्ष, शीतरक्ताचे प्राणी, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२, सर्पमित्र, नागपूर.

प्रस्तावना

भारतीय समाजाचा सापाशी असलेला संबंध भीती आणि भक्ती अशा दुहेरी स्वरूपाचा आहे. नागपंचमीला पूजला जाणारा नाग इतर दिवशी काठीने मारला जातो. सापाला बंदिस्त ठेवण्याची परंपराही आपल्याकडे जुनीच आहे. गारुड्याची वेताची किंवा बांबूची करंडी हा या देशातील सापाचा सर्वांत परिचित ‘पिंजरा’ होय. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीपूर्वी पकडलेले नाग मडक्यात ठेवण्याची प्रथा होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर तिच्यावर कायद्याचा अंकुश आला. करंडी काय किंवा मडके काय, दोन्ही साधने माणसाच्या सोयीसाठी निर्माण झाली आहेत. त्यांत सापाला शरीर पसरता येत नाही, तापमान निवडता येत नाही आणि पाणीही मिळत नाही.

आज करंडीची जागा प्लास्टिकच्या बरणीने आणि काचेच्या माशांच्या टाकीने घेतली आहे. साधन आधुनिक झाले म्हणून ते शास्त्रीय झाले असे मात्र नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. सर्पमित्र म्हणून काम करणाऱ्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा भरणा मोठा असतो, परिसरात साप निघाल्यास प्राणिशास्त्र विभागाकडेच धाव घेतली जाते आणि पकडलेला साप ‘विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी’ दोन दिवस प्रयोगशाळेत ठेवण्याचा मोहही तेथेच होतो. या दोन दिवसांत सापाचा जीव, विद्यार्थ्याचा जीव आणि संस्थेची कायदेशीर जबाबदारी अशा तिन्ही गोष्टी पणाला लागतात.

लेखाची उद्दिष्टे

१. सापाच्या शरीरक्रियेवरून निवासकक्षाचे आवश्यक निकष स्पष्ट करणे.
२. सापाच्या जीवनपद्धतीनुसार कक्षाच्या रचनेत होणारे बदल समजावून घेणे.
३. नागपूरच्या हवामानात उद्भवणाऱ्या विशेष अडचणींची चर्चा करणे.
४. साप बंदिस्त ठेवण्यासंबंधीची कायदेशीर स्थिती मांडणे.

कायदेशीर स्थिती

कक्ष कसा असावा या प्रश्नाआधी साप ठेवता येतो काय, हा प्रश्न येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतातील बहुतेक साप संरक्षित आहेत. अजगर दीर्घकाळापासून पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती मर्यादित नसून पकडणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही तीत समावेश होतो. कलम ९ शिकारीस प्रतिबंध करते, तर कलम ३९ नुसार वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. म्हणून धामण, नाग, मांडूळ किंवा अजगर घरी पाळणे हा छंद नसून गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असून २०२२ च्या दुरुस्तीने किमान दंड दहा हजारांवरून पंचवीस हजार रुपये करण्यात आला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली.

परदेशी जातींची गोष्ट वेगळी आहे. आफ्रिकेतील बॉल पायथन किंवा अमेरिकेतील कॉर्न स्नेक हे साप पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून भारतात आले. २०२० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा विदेशी प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार करारातील म्हणजेच ‘साइट्स’च्या परिशिष्टांतील जातींसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण व चौथी अनुसूची आली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम जाहीर झाले. बॉल पायथन या करारात येत असल्याने तो बाळगणाऱ्यास नोंदणी करावी लागते, तसेच जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण यांची माहितीही द्यावी लागते. अशा सापास निसर्गात सोडणे हा अडचणीतून सुटण्याचा मार्ग नव्हे. परदेशी साप स्थानिक जैवविविधतेला धोका ठरू शकतो.

थोडक्यात, स्थानिक साप कायदेशीरपणे बंदिस्त राहू शकतो तो केवळ केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता असलेल्या संस्थेत, वनविभागाच्या उपचार केंद्रात किंवा शासनाच्या विशेष परवानगीने चालणाऱ्या संशोधन व विष-संकलन प्रकल्पात. मुंबईची हाफकिन संस्था आणि तामिळनाडूतील इरुळा आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था ही विष-संकलनाची परिचित उदाहरणे होत. पुढील निकष या सर्वांना आणि नोंदणीकृत विदेशी साप बाळगणाऱ्यांनाही लागू पडतात.

सापाची शरीरक्रिया आणि कक्षाची मूलतत्त्वे

*(अ) तापमानाची निवड :* साप शीतरक्ताचा प्राणी आहे, याचा अर्थ त्याचे रक्त थंड असते असा नव्हे. तो शरीराची उष्णता स्वतः फारशी निर्माण करीत नाही, ती परिसरातून घेतो. ऊन आणि सावली, दगड आणि बीळ यांत सतत जागा बदलून तो शरीराचे तापमान राखतो. अन्नपचन, कात टाकणे आणि रोगप्रतिकार या सर्व क्रिया त्यावर अवलंबून असतात. भक्ष्य गिळल्यानंतर पुरेशी ऊब न मिळाल्यास साप ते ओकून टाकतो. म्हणून कक्षात एकच ‘आदर्श’ तापमान असणे हीच चूक ठरते. एका टोकाला उबदार आणि दुसऱ्या टोकाला थंड असा तापमानाचा उतार हवा. बॉल पायथनसाठी उबदार बाजू सुमारे ३१ ते ३३ आणि थंड बाजू २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवली जाते. यातूनच एक गोष्ट निष्पन्न होते : अगदी लहान खोक्यात तापमानाचा उतार तयारच होऊ शकत नाही. कक्ष मोठा असण्याचे पहिले कारण हे आहे.

उष्णतेचा स्रोत सापाच्या थेट संपर्कात नसावा. सापाला पोटाखालील अतिउष्ण पृष्ठभागाची जाणीव त्वरेने होत नाही आणि तो भाजून निघेपर्यंत तेथेच पडून राहू शकतो. दिव्याला जाळीचे संरक्षण आणि तापकास थर्मोस्टॅट असणे अनिवार्य आहे.

*(आ) आकार :* कक्षाच्या तळाची लांबी आणि रुंदी यांची बेरीज सापाच्या लांबीइतकी असावी, असा एक जुना ठोकताळा आहे. त्यानुसार दीड मीटर लांबीच्या सापास १०० × ५० सेंटिमीटरचा तळ पुरेसा ठरतो. परंतु अशा तळाचा कर्ण सुमारे ११२ सेंटिमीटर भरतो, म्हणजे हा साप आयुष्यात कधीही सरळ होऊ शकत नाही. साप नेहमी वेटोळे घालूनच राहतो, त्याला जागा लागत नाही, ही समजूत अलीकडच्या प्राणिकल्याणविषयक अभ्यासांनी नाकारली आहे. संधी मिळाल्यास साप शरीर पूर्ण ताणून पडतात आणि फुप्फुस व आतड्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचे मानले जाते. म्हणून कक्षाची किमान एक बाजू सापाच्या पूर्ण लांबीइतकी असावी, हा निकष आता अधिक ग्राह्य ठरतो. दोन मीटरहून अधिक वाढणाऱ्या आणि चपळ धामणीला हा निकष लावला तर घरातील कोणतीही टाकी तिच्यासाठी अपुरी आहे हे सहज लक्षात येते.

*(इ) लपण्याची जागा :* सापाची सुरक्षिततेची भावना स्पर्शाशी निगडित आहे. शरीराला सर्व बाजूंनी टेकण असलेली अरुंद जागा त्याला हवी असते. असा आडोसा नसल्यास साप सतत काचेला तोंड घासतो, खाणे सोडतो आणि त्याच्या नाकाडावर जखमा होतात. आडोसे दोन असावेत, एक उबदार आणि एक थंड बाजूला. आडोसा एकच असल्यास सापाला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांपैकी एकाची निवड करावी लागते आणि बहुधा तो सुरक्षितता निवडून आजारी पडतो.

*(ई) आर्द्रता आणि कात :* कात सैल होण्यासाठी हवेत पुरेसा ओलावा लागतो. हवा कोरडी असल्यास कात तुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरील पारदर्शक आवरण चिकटून राहते. ते चिमट्याने ओढणे म्हणजे डोळा गमावणे होय. उलट, सततच्या ओलाव्याने पोटाचे खवले कुजतात आणि कोंदट हवेत श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. यावरील उपाय म्हणजे कोरड्या कक्षात ओल्या शेवाळाची किंवा ओलसर कापडाची एक बंद पेटी ठेवणे. गरज पडेल तेव्हा साप स्वतः तीत जातो.

*(उ) पाणी, तळ आणि जाळी :* न उलटणारे, रुंद बुडाचे पाण्याचे भांडे सदैव हवे. सापाला दुधाची आवश्यकता नसते. नागपंचमीला नाग दूध पितो तो अनेक दिवस तहानलेला ठेवल्यामुळे. तळाला माती, कोरडी पाने किंवा कागद चालतो, परंतु तीव्र वासाचा लाकडी भुसा टाळावा. वायुवीजनाची छिद्रे सापाच्या डोक्यापेक्षा लहान असावीत, कारण डोके गेले तेथून उर्वरित शरीरही जाऊ शकते. घोणशीच्या बाबतीत हा हिशेब मादीच्या नव्हे, तर पिलांच्या डोक्याचा करावा लागतो. ती अंडी न घालता एका वेळी अनेक पिलांना जन्म देते आणि पिले जन्मतः विषारी असतात.

जीवनपद्धतीनुसार रचना

‘साप’ हा शब्द एकवचनी असला तरी सापांच्या गरजा एकसारख्या नाहीत. विदर्भात आढळणाऱ्या काही जातींवरून हे स्पष्ट होते.

मांडूळ हा बिळात राहणारा, मंदगती साप आहे. त्याला उंचीची गरज नाही, पण भुसभुशीत, कोरड्या मातीचा खोल थर हवा. काचेच्या सपाट तळावर ठेवलेले मांडूळ अखंड तणावात असते. आखूड, बोथट शेपटीमुळे त्याला ‘दुतोंड्या’ म्हटले जाते आणि गुप्तधनाच्या अंधश्रद्धेतून त्याची तस्करी होते. अशा प्रकरणांत जप्त झालेली मांडुळे न्यायालयीन प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत सांभाळण्याची वेळ येऊ शकते. त्यांना मातीचा थर देणे ही अत्यंत स्वस्त, परंतु सहज विसरली जाणारी गोष्ट आहे.

हरणटोळ झाडावर राहतो. त्याला लांबी-रुंदीबरोबर उंची, फांद्या आणि पालवी लागते. भांड्यातील पाण्यापेक्षा पानांवर शिंपडलेल्या थेंबांतून तो पाणी घेतो. सरडे आणि बेडूक हे त्याचे खाद्य असल्याने बंदिवासात त्याला जगवणे अवघड असते. दिवड पाण्याजवळ राहते, म्हणून तिला केवळ पाण्यात ठेवणे योग्य नव्हे. अंग कोरडे करण्यासाठी उबदार, कोरडी जागा नसल्यास तिच्या त्वचेवर फोड येतात.

अजगर तीन मीटरहून अधिक वाढतो. त्याला खोका नव्हे, तर भक्कम दरवाजा, बुडण्याइतके टाके आणि ओंडके असलेली खोलीच लागते. अंडी उबवताना मादी अजगर त्यांच्याभोवती वेटोळे घालून स्नायूंच्या आकुंचनाने उष्णता निर्माण करते. शीतरक्ताच्या प्राण्यांत हा विलक्षण अपवाद आहे. अशा काळात तिला हलवणे किंवा कक्ष स्वच्छ करण्याच्या निमित्ताने त्रास देणे टाळावे.

विषारी सापांच्या कक्षाचा विचार आधी माणसाच्या सुरक्षिततेपासून सुरू होतो. कुलूप, दुहेरी दरवाजा, साप आत बंद करता येईल असा अंतर्गत कप्पा, जातीचे नाव लिहिलेली पाटी आणि जवळच्या रुग्णालयात प्रतिसर्पविष उपलब्ध असल्याची खातरजमा या किमान अटी आहेत. भारतातील प्रचलित बहुगुणी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच जातींच्या विषावर तयार केलेले असते, याचेही भान हवे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला आहे. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांसोबत एका कक्षात ७२ तास काढले होते. डिवचल्याशिवाय साप दंश करीत नाही हे त्यातून लोकांसमोर आले. परंतु अनुभवी व्यक्तीच्या त्या प्रयोगातून विषारी साप घरात ठेवणे सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे त्या प्रयोगाचा विपर्यास होय. पुढे १९८६ साली त्यांच्याच पुढाकाराने कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले, म्हणजे साप घरी न ठेवता लोकांना दाखवण्याची सार्वजनिक व्यवस्था निर्माण झाली.

नागपूरचे हवामान : एक कसोटी

परदेशी पुस्तकांतील निवासकक्षाचे वर्णन प्रामुख्याने साप गरम कसा ठेवावा याभोवती फिरते. नागपुरातील प्रश्न बव्हंशी उलटा आहे. येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली, तर २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेल्यास बहुतेक सापांच्या जिवाला धोका निर्माण होतो. मग विदर्भातील साप उन्हाळा कसा काढतात? काळ्या जमिनीतील भेगा, उंदरांची बिळे, वारुळे आणि दगडी बांधांच्या फटी येथील गारव्यात ते दिवस घालवतात आणि रात्री बाहेर पडतात. पहिल्या पावसाने ही बिळे भरली की ते वस्तीत शिरतात. पावसाळ्यात सर्पमित्रांचे दूरध्वनी खणखणू लागतात त्याचे एक मोठे कारण हे आहे.

काचेच्या टाकीत बीळ नसते. खिडकीजवळ उन्हात ठेवलेली टाकी आत शिरलेली उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि एप्रिलमधील थोड्या वेळाचे ऊनही तीत प्राणघातक ठरते. नागपूरकरांचा नेहमीचा उपाय म्हणजे कूलर. तो तापमान उतरवतो, पण ओलावा वाढवतो. मे महिन्याच्या अतिकोरड्या हवेत हा ओलावा काही अंशी उपकारक असतो, मात्र जून संपल्यावरही बंद खोलीत तो चालू राहिल्यास खवले कुजण्याचा आणि श्वसनविकाराचा धोका वाढतो. म्हणून कूलरचा झोत थेट कक्षावर न सोडता खोली थंड करावी, जाड भिंतीच्या सावलीतील खोली निवडावी, कक्षात मातीचे मडके आडवे पुरून गारवा असलेले बीळ तयार करावे आणि वीजपुरवठा खंडित झाल्यास काय करायचे ते आधीच ठरवावे. हिवाळ्यात मात्र थर्मोस्टॅटयुक्त ऊब आवश्यक ठरते आणि थंडीच्या दिवसांत सापास भरपेट खाऊ घालणे टाळावे लागते. तापमापक आणि आर्द्रतामापक कक्षाच्या दोन्ही टोकांना असावेत. माणसाला खोली सुखद वाटते म्हणून ती सापालाही सुखद असेल असे गृहीत धरता येत नाही.

तात्पुरता निवास : सर्पमित्राची जबाबदारी

नागपुरात प्रत्यक्षात सर्वाधिक साप ‘पाळले’ जात नाहीत, तर काही तास किंवा काही दिवस अडकून राहतात. सर्पमित्राच्या घरी बरण्यांत साप साठवून ठेवणे आणि सवडीने एकत्र सोडणे ही पद्धत सापांच्या दृष्टीने घातक आणि कायद्याच्या दृष्टीने आक्षेपार्ह आहे. छिद्रे पाडलेल्या बरणीतही उन्हाळ्यात तापमान झपाट्याने वाढते. निरनिराळे साप एकत्र ठेवल्यास गोचीड व जंतुसंसर्ग पसरतो, आणि मण्यारीसारखा साप इतर सापांना खाऊही शकतो.

योग्य मार्ग सोपा आहे. एका सापास एक, उलट्या शिवणीची, घट्ट विणीची सुती पिशवी असावी. ती झाकण असलेल्या हवेशीर बादलीत ठेवावी. वर जातीचे नाव, पकडल्याचे ठिकाण आणि वेळ लिहावी. वनविभागास कळवावे. निरोगी साप शक्य तितक्या लवकर मूळ ठिकाणाजवळच्या सुयोग्य अधिवासात सोडावा, कारण दूर अनोळखी भागात सोडलेला साप निवारा शोधत अधिक भटकतो व संकटात सापडतो. जखमी साप घरी न ठेवता सेमिनरी हिल्स येथील वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसारख्या केंद्राकडे सुपूर्द करावा. तेथे आणि प्राणिसंग्रहालयात नव्याने आलेल्या प्राण्यास इतरांपासून काही आठवडे वेगळे ठेवणे हे निवासव्यवस्थेचेच अंग आहे.

महाविद्यालयांसाठी सूचना

१. प्रयोगशाळेत जिवंत साप प्रात्यक्षिकासाठी ठेवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणी-विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. जिवंत प्राण्यांच्या हाताळणीतही तोच विवेक अपेक्षित आहे.
२. परिसरात साप निघाल्यास कोणाशी संपर्क साधायचा याची यादी प्राचार्य कार्यालयात व वसतिगृहात लावावी. विद्यार्थ्यांना साप पकडण्यास पाठवू नये.
३. सर्पमित्र असलेल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधून तात्पुरत्या निवासाचे नियम व कायद्यातील तरतुदी त्यांच्यापर्यंत पोहोचवाव्यात.
४. प्रत्यक्ष निरीक्षणासाठी मान्यताप्राप्त संस्थांना भेटी आयोजित कराव्यात आणि तेथील कक्षाचे वरील निकषांच्या आधारे मूल्यमापन हा विद्यार्थ्यांचा प्रकल्प करावा.

निष्कर्ष

सापाचा निवासकक्ष म्हणजे केवळ तो निसटू नये यासाठी केलेली पेटी नव्हे. सापाला शरीर पसरता यावे, ऊब व गारवा यांत निवड करता यावी, लपता यावे, कात टाकता यावी आणि पाणी मिळावे, ही त्याची खरी कसोटी आहे. या कसोटीवर करंडी, मडके आणि बरणी यांच्याबरोबरच घरातील काचेची बहुतेक खोकीही अनुत्तीर्ण होतात. स्थानिक सापांच्या बाबतीत कायद्याने घातलेली बंदी आणि शरीरशास्त्राने सांगितलेले निकष हे परस्परांना पूरक आहेत. जे घरात देता येत नाही, तेच कायदा घरात ठेवू देत नाही. नोंदणीकृत विदेशी साप बाळगणाऱ्याने आधी कक्ष आणि मग साप हा क्रम पाळावा. इतरांसाठी, नागपूरच्या काळ्या मातीतील भेग हाच येथील सापाचा सर्वांत सुयोग्य निवास आहे आणि तो अबाधित राखणे हे त्याच्या पालनापेक्षा अधिक मोलाचे कार्य आहे.